पंचवीस डिसेंबर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'सुटीचा दिवस' हा विषय मला दिला आहे. त्यासाठी मी कॅलेंडरातला एकच दिवस निवडते : २५ डिसेंबर. मुलांना नाताळची सुटी, कचेऱ्यांना सुटी, आणि आपल्याला? आपल्याला त्या दिवशी चार माणसांचा स्वयंपाक अधिक!

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंका होतात. बेबिंकाचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही; तेव्हा करणारीचे कित्येक तास विस्तवापाशीच जातात. मग ताट भरून शेजारच्या हिंदू घरी जाते. दिवाळीत तिकडून फराळाचे ताट आलेले असते. हा शेजारधर्म बहुतेक बायकांच्याच हातांनी चालतो. ही गोष्ट लहान नाही. पण सणातला आपला वाटा तेवढाच असावा काय?

याच दिवशी, १९२७ साली, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. स्त्री कधीही स्वतंत्र असू नये, असे सांगणारा तो ग्रंथ. परिषद संपल्यावर बाबासाहेब तेथील स्त्रियांशी मुद्दाम वेगळे बोलले. जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ती तऱ्हा लगोलग बदलली. त्या सभेत त्या वाढायला उभ्या नव्हत्या, ऐकायला बसल्या होत्या! म्हणूनच अनेक ठिकाणी हा दिवस भारतीय स्त्रीमुक्तिदिन म्हणून पाळतात.

आणि ऐकणारीने प्रश्नही विचारावेत. एक साधा प्रश्न पाहा. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. मग नाताळपासून लवकर उजाडायला हवे ना? तसे होत नाही. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो; दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सूर्याची दुपार आणि घड्याळाची दुपार नेमकी जुळत नाही, म्हणून असे घडते. मुलांनी हे विचारले तर 'बाबांना विचार' म्हणू नका. पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा त्यांच्याजवळ बसून वाचा.

माझी सूचना एवढीच. येत्या २५ डिसेंबरला मंडळाने स्नेहसंमेलन भरवावे. प्रत्येकीने घरून एकच पदार्थ आणावा, म्हणजे कोणी आत अडकणार नाही. एकीने महाडची हकीकत सांगावी, आणि मुलींनी मनात येतील ते प्रश्न विचारावेत. चहा मात्र पुरुषमंडळींकडे सोपवावा. साखर कमीजास्त झाली तरी आपण गोड मानून घेऊ.