अभिरक्षकांच्या निवृत्तिनिमित्त दोन शब्द



परीक्षेत यश मिळविणारे विद्यार्थी, हुद्द्यावर चढलेले अधिकारी व उदार देणगीदार यांचा सत्कार आपले मंडळ प्रतिवर्षी करते. वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकाचा सत्कार मात्र आज प्रथमच होत आहे. तेहतीस वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. पुराणवस्तूंच्या शास्त्रात आमचा अधिकार नाही. तथापि एक कबुली द्यावयाची राहिली आहे, म्हणून उभे राहण्याचे धाडस केले.

संग्रहालय म्हणजे इमारत, अशी आपली समजूत असते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे १९९८ पासूनच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, घुमटाची वास्तू १९१४ साली बांधून झाली. परंतु पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय होते, आणि संग्रहालय म्हणून ती खुली झाली १९२२ साली. भिंती उभ्या राहिल्याने संग्रहालय होत नाही. उलट पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला, व अकाली गेलेल्या आपल्या राजा या पुत्राचे नाव त्या संग्रहास दिले. वस्तूवर जीव लावणारा माणूस असला, म्हणजे संग्रहालय होते.

आता आपल्या सत्कारमूर्तींविषयी. काही वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एका घराण्याने वंशपरंपरागत तलवार संग्रहालयास दिली. ती पेशव्यांनी मूळपुरुषास बक्षीस दिली, असे फलकावर लिहावे, ही त्यांची इच्छा. आपल्यापैकी अनेकांनी भीड घातली. आम्हीही चिठ्ठी लिहिली. सत्कारमूर्तींनी आधार मागितला. तो कोणापाशीच नव्हता. फलकावर दात्याचे नाव, गाव व 'घराण्यातील सांगण्याप्रमाणे' एवढेच आले. "आपला माणूस आपल्या कामी आला नाही," असे म्हणत आपण पुढे कित्येक वर्षे त्यांना मंडळाची निमंत्रणपत्रिकाही पाठविली नाही.

नंतर आम्ही मुलांची सहल घेऊन संग्रहालयात गेलो. रागाचा शब्दही न काढता त्यांनी आम्हांस नोंदवही दाखविली. क्रमांक, दिनांक, दाता, गाव, लांबी, वजन, तुटफूट. पानामागून पान त्याच सुवाच्य अक्षरात. मग म्हणाले, "मास्तर, एका ठिकाणी आपल्या माणसासाठी खोटे लिहिले, तर बाकीच्या खऱ्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील? पुरावा आणा, मी आनंदाने फलक बदलीन."

मंडळी, आम्ही मान खाली घातली. आमचे पणजोबा त्याच घराण्याची कारकुनी करीत. त्यांचे मोडी कागदांचे दोन रुमाल आमच्या माळ्यावर होते. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही, म्हणून दोनच वर्षांपूर्वी आम्ही ते रद्दीत घातले होते. पेशवे दफ्तरातील रुमाल टिकले, म्हणून रियासतकार सरदेसाई यांना १९३० पासून त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध करता आले. आमचे रुमाल किलोच्या भावाने गेले. त्यांत त्या तलवारीचा उल्लेख होता की नव्हता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. पुराव्यावाचून फलक मागणारे आम्ही, आणि पुरावा विकणारेही आम्हीच!

म्हणून आजच्या हारतुऱ्यांबरोबर एक विनंती. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांची कलावस्तू व पंचाहत्तर वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. अशा वस्तू आपल्या माळ्यावर, फडताळात असतील. मोडीत अथवा रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्यास दाखवा. तांब्यावर लेख असेल, तर तो चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. वस्तू कोणाची, कोठून आली, कोणी सांगितले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून ठेवा. जे ठाऊक नाही, त्यापुढे जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेची लाज वाटू नये, हेच सत्कारमूर्तींनी आपणांस शिकविले.

त्यांना आपण उशिरा बोलाविले, याबद्दल आम्ही सर्वांच्या वतीने क्षमा मागतो. परमेश्वर त्यांना व त्यांच्या सहधर्मचारिणींस उदंड आयुरारोग्य देवो, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.