गोधडी आणि यंत्राचे पाय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला-सभेत वाचलेले भाषण)



यंत्र दुकानात आणि सुई घरात, अशी वाटणी आपल्या शिंपी समाजात बहुतेक घरांतून चालत आली. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे ‘उषा’ यंत्र आपल्या मराठवाड्यातही घरोघर परिचित झाले. त्यावर सदरे, पायजमे, चोळ्या झाल्या. गोधडी मात्र बायकांच्या मांडीवरच राहिली. दुपारची कामे आटोपल्यावर जुनी लुगडी व धोतरे पसरावयाची, पदरावर पदर लावावयाचे आणि धावदोरा घालीत बसावयाचे. तिला महिना लागो की दोन, त्या कष्टाचा हिशेब कोणी मांडला नाही.

आता तयार कपड्यांमुळे दुकानातील यंत्र दिवसाचे कित्येक तास झाकलेले असते. त्यावर गोधड्या शिवून घरात चार पैसे आणता येतील काय, हे पाहण्याचे आम्ही ठरविले. आम्ही म्हणजे नांदेडची एक आणि लातूरच्या दोघी नणंद-भावजया. आमच्यावर देखरेख नांदेडच्या आत्याबाईंची. यंत्रावरची गोधडी म्हणजे गोधडीच नव्हे, असे त्यांचे मत आरंभापासून होते, आणि ते त्या दर घटकेला सांगत.

पहिला प्रयोग नेहमीच्या पायाने केला. कापड दाबून धरणारा जो पोलादी भाग, त्याला आपण ‘पाय’ किंवा ‘फूट’ म्हणतो. त्याच्या खालचे दाते फक्त तळाचा पदर पुढे ओढतात. वरचा पदर पायाला घासून मागे रेंगाळतो आणि हळूहळू पुढे ढकलला जातो. हातभर शिवण झाली नाही तोच वरच्या लुगड्याची चुणी सुईपुढे गोळा झाली. हाताने शिवताना तीच सैल टाक्याटाक्यात वाटली जाते; गोधडीवरील त्या बारीक सुरकुत्या म्हणजे दुसरे काही नव्हे. यंत्र ती वाटत नाही, साठवून ठेवते. “यंत्राला पदर कुठला कळायचा गं!” आत्याबाई म्हणाल्या. आम्ही दाबाचा स्क्रू दोन फेरे सैल केला, सर्व पदरांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले, आणि काठापासून आत येण्याची आपली हातशिवणीची रीत सोडून मधोमध आरंभ करून काठाकडे गेलो, म्हणजे सैल बाहेर निघून जावी. फरक पडला, पण पुरेसा नव्हे.

मग टपालाने ‘चालता पाय’ मागविला. त्याला स्वतःचे वरचे दाते असतात. त्याचा एक दांडा सुई आवळण्याच्या स्क्रूवर बसतो. सुई वरखाली होते तसा तो दांडा हलतो आणि वरचे दाते खालच्या दात्यांबरोबर कापड पुढे नेतात. आमच्या जुन्या काळ्या यंत्राचे दाते अरुंद, पायाचे रुंद. त्यामुळे कडेचे वरचे दाते नुसत्या पत्र्यावर चालत. पायडलही जड झाले. तरीही धोतरांची चौपदरी गोधडी दोन दिवसांत सपाट उतरली. पायाला जोडलेली वाकडी सळई मागच्या ओळीवर ठेवली की बोटभर अंतराच्या ओळी खडूवाचून सरळ येतात. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवूनच पाय उचलावा.

या यशाने आम्ही धीट झालो, आणि चूक केली ती येथेच. लातूरच्या नणंदेच्या आईचे इरकली लुगडे आम्ही यंत्राखाली घातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचे घर पडले, त्या ढिगाऱ्यातून निघालेले ते लुगडे. तिसऱ्याच ओळीला ते शिवणीच्या रेषेतून वीतभर उसवत गेले. दोष पायाचा नव्हता. टाका आम्ही बारीक ठेवला होता, आणि विरलेल्या कापडाला बारीक टाक्यांनी टपाल-तिकिटाच्या कडेसारखी भोके पडतात. तेथे टाका लांब हवा होता, आणि त्याखाली एक नवा सुती पदर हवा होता. नणंद काही बोलली नाही. तिने यंत्राचे चाक हाताने फिरवून सुई वर घेतली आणि कापड काढून घडी घातली.

तिसरा पाय स्प्रिंगचा, रफूकामाचा. यात खालचे दाते झाकावयाचे आणि कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे फिरवावयाचे. आमच्याने पायडलची लय आणि हातांची गती जमेना; टाके कोठे मोहरीएवढे, कोठे गव्हाएवढे. चौथ्या दिवशी आत्याबाई आपण होऊन यंत्राजवळ आल्या. भावजयीने पायडल मारले, आत्याबाईंनी कापड फिरविले. लुगड्याखाली मऊ मलमलीचे ठिगळ ठेवून त्यांनी तो फाटा अशा बेताने भरला की काठाची रेघ मोडली नाही. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, की हा पाय बरा आहे, हाताला विचारून चालतो.

पुढील व्यवस्था आम्ही अशी केली आहे. विक्रीच्या गोधड्या धडक्या कापडाच्या, चालत्या पायाने, सोळा नंबरच्या सुईने. घरची जुनी लुगडी मात्र हातानेच. नणंदेच्या आईचे लुगडे आत्याबाईंकडे आहे. त्याच्या दोन बाजू शिवून झाल्या आहेत.

ज्या भगिनींना चालता पाय पाहावयाचा असेल, त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे. तो एकच आहे. नेल्यास आठ दिवसांत परत द्यावा, आणि त्याबरोबरचा लहान स्क्रू कागदात बांधून द्यावा. मागच्या खेपेस तो तांदळाच्या डब्यात सापडला.