यादींत नांव नसलेला खेळाडू

'माणसाची पारख' हा शब्दप्रयोग आपण नित्य करतों; पण पारख करणाऱ्यांचीच पारख करण्याची वेळ आली तर ती कशी करावी, याचा विचार आपण क्वचितच करतों. आज ज्या खेळाडूची हकीगत मी सांगणार आहें, त्याचें आयुष्य म्हणजे या प्रश्नाचें एक बोलकें उदाहरण आहे. त्याचें नांव सॅम मिल्स. अमेरिकेंत जो फुटबॉल खेळला जातो, त्यांतील तो एक नामांकित खेळाडू. पण नामांकित होण्यापूर्वीं त्याला, 'तूं या खेळाच्या लायकीचा नाहींस' असें एकदां नव्हे, तीनदां सांगण्यांत आलें होतें.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों त्याच्याशीं या खेळाचें नातें फारसें नाहीं; नामसादृश्य मात्र आहे. हा खेळ रग्बीच्या कुळांतला. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, आणि मैदान शंभर यार्डांचें. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. त्यामुळें हा खेळ अखंड वाहत नाहीं. तो तुकड्यातुकड्यांनीं चालतो, आणि प्रत्येक तुकड्यापूर्वीं दोन्ही पक्षांची मसलत होते. बचाव करणाऱ्या पक्षाच्या अगदीं पुढें धिप्पाड गड्यांची एक फळी असते. या फळीच्या पाठीशीं चारदोन पावलांवर जे उभे राहतात त्यांस लाइनबॅकर म्हणतात. त्यांतही मधला लाइनबॅकर म्हणजे बचावाचा सेनापतीच. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत एवढ्यावरून त्यांचा बेत ओळखावयाचा, सहकाऱ्यांना इशारा द्यावयाचा, आणि चेंडू हलतांच फटींतून घुसून तो घेऊन पळणाऱ्यास जमिनीवर आडवें करावयाचें, हें त्याचें काम. त्याला बळ लागतें, चपळाई लागते; पण सर्वांत अधिक लागते ती नजर.

आतां या खेळांतील धंदेवाईक संघ आपले गडी कसे निवडतात तें पाहूं. नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेंत १९३६ पासून 'ड्राफ्ट' नांवाची पद्धति आहे. दरवर्षीं कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंपैकीं कोणाला घ्यावयाचें हें सर्व संघ पाळीपाळीनें जाहीर करतात, आणि आदल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें पडला असेल त्याला पहिली निवड मिळते. कल्पना न्यायाची आहे. दुबळ्याला बळ मिळावें हा तिचा हेतु. पण या यादींत ज्याचें नांव पुकारलें जात नाहीं त्याची वाट बिकट होते. त्याला कोणत्याही संघाकडे जाऊन आपली परीक्षा घ्या असें म्हणतां येतें. मात्र त्याच्यावर कोणीं कांहीं पणास लावलेलें नसतें, म्हणून त्याला रजा देतांना कोणाचेंही मन कचरत नाहीं.

१९८१ सालीं या ड्राफ्टच्या बारा फेऱ्या झाल्या आणि तीनशेंहून अधिक खेळाडूंचीं नांवें पुकारण्यांत आलीं. सॅम मिल्सचें नांव त्यांत नव्हतें. न्यू जर्सी संस्थानांत १९५९ सालीं जन्मलेला हा तरुण माँटक्लेअर स्टेट कॉलेजांतून खेळला होता. तेथें त्यानें उत्तम खेळ केला होता. पण हें कॉलेज पडलें तिसऱ्या श्रेणीचें. त्या श्रेणींतील कॉलेजें खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत, आणि निवड करणारांचे डोळे तिकडे क्वचितच वळतात. शिवाय मिल्सची उंची अवघी ५ फूट ९ इंच. मधल्या लाइनबॅकरची उंची सहा फुटांहून अधिक असावी असा संकेत रूढ झाला होता. चार इंचांची ही उणीव कागदावर स्पष्ट दिसत होती. जें कागदावर दिसत नव्हतें तें पाहण्यास कोणाला सवड नव्हती.

त्याच वर्षीं क्लीव्हलंड ब्राउन्स या संघानें त्याला परीक्षेस बोलाविलें, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच निरोप दिला. पुढच्या वर्षीं तो कानडांत टोरांटो आर्गोनॉट्सकडे गेला. तेथेंही तेंच झालें. ड्राफ्टनें एकदां आणि संघांनीं दोनदां, असा तीन वेळां नकार पदरीं घेऊन तो न्यू जर्सीस परतला, आणि ईस्ट ऑरेंज येथील हायस्कुलांत मुलांना छायाचित्रण शिकवूं लागला. शाळेच्या फुटबॉल संघाला शिकविण्यासही तो मदत करी. गोष्ट येथेंच संपली असती तर तिच्यांत नवल कांहींच नव्हतें. अशा हजारों गोष्टी येथेंच संपतात, आणि म्हणूनच त्या आपल्या कानांवर येत नाहींत.

पुढें जें घडलें तें केवळ मिल्सच्या चिकाटीमुळें घडलें असें म्हणणें सोपें आहे. पण तें अर्धेंच सत्य होईल. १९८३ सालीं युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग नांवाची एक नवी संस्था उदयास आली. जुन्या संस्थेचे सामने हिवाळ्याकडे होत; हिचे वसंतांत होऊं लागले. नव्या संघांना गडी हवे होते. त्यांपैकीं फिलाडेल्फिया स्टार्स या संघाचे व्यवस्थापक कार्ल पीटरसन यांच्याकडे मिल्सची शिफारस केली ती कोणीं? क्लीव्हलंडचे प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांनीं. म्हणजे ज्यांच्या संघानें त्याला रजा दिली होती त्यांनींच! ज्याला आपण ठेवूं शकलों नाहीं त्याचे गुण विसरावयाचे नाहींत, आणि दुसरीकडे जागा दिसतांच त्याच्यासाठीं शब्द खर्चावयाचा, ही वृत्ति मला मोठी मोलाची वाटते. नकार देणें हें अधिकाराचें काम आहे. पण नकार दिलेल्या माणसाची आठवण ठेवणें हें सौजन्याचें.

स्टार्सचे प्रशिक्षक होते जिम मोरा. त्यांच्या हाताखालीं मिल्स तीन हंगाम खेळला. तिन्ही वर्षीं हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि १९८४ व १९८५ अशीं लागोपाठ दोन अजिंक्यपदें त्यानें मिळविलीं. मग ती संस्थाच बुडाली. तिनें जुन्या संस्थेवर मक्तेदारीबद्दल फिर्याद केली होती. १९८६ सालीं ज्यूरीनें दोष मान्य केला, आणि नुकसानभरपाई ठरविली एक डॉलर! कायद्याप्रमाणें ती तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. तिचा हिशेब असा तीन डॉलरांत आटोपला खरा. परंतु ज्या तीन वर्षांत तिचें दार उघडें होतें, तेवढ्यांत एक छायाचित्रणाचा शिक्षक आंत शिरून गेला होता. मोरा १९८६ मध्यें न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हां त्यांनीं मिल्सला आपल्याबरोबर नेलें. ज्या नॅशनल फुटबॉल लीगनें त्याला यादींत घेतलें नव्हतें, तिच्या मैदानावर तो आतां वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं उतरला.

सेंट्स हा संघ १९६७ पासूनचा. पण जयांची संख्या पराजयांहून अधिक असा एकही हंगाम त्याच्या वाट्यास आला नव्हता. १९८७ सालीं त्यानें बारा सामने जिंकले आणि तीनच गमावले. या संघाच्या चार लाइनबॅकरांना पुढें 'डोम पॅट्रोल', म्हणजे घुमटाखालचे पहारेकरी, असें नांव पडलें. कारण त्यांचें क्रीडांगण घुमटाकार छताखालीं होतें. रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स हे ते चौघे. १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षीं साऱ्या लीगमध्यें सर्वांत कमी गुण देणारा बचाव याच संघाचा होता. आणि १९९२ च्या हंगामाबद्दल 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीं हे चौघेही निवडले गेले. या चौघांत सर्वांत बुटका मिल्स. सोबती त्याला थट्टेनें 'शेतांतला उंदीर' म्हणत.

मग त्या चार इंचांचें काय झालें? ज्यांनीं तालमींतली कुस्ती पाहिली आहे त्यांना हें कोडें सुटण्यास वेळ लागणार नाहीं. जो खालून शिरतो त्याचा जोर वरच्याला उखडतो. उंच गड्यास धडक देण्यापूर्वीं वांकावें लागतें. मिल्सला तेवढें वांकण्याची गरज नव्हती. सव्वादोनशें पौंडांहून अधिक वजनाचा हा देह जमिनीलगत वेगानें येऊन आदळला म्हणजे समोरचा हटत असे. याहून मोठा गुण त्याच्या डोळ्यांत व डोक्यांत होता. प्रतिपक्षाचा बेत तो इतका लवकर ओळखी कीं, त्याच्या पायांना कमी धांवावें लागे. उंची फुटपट्टीनें मोजतां येते, वेग घड्याळानें मोजतां येतो; पण ओळखण्याची ही शक्ति मोजण्यास साधन नाहीं. जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, असें मानण्याकडे निवड करणारांचा कल होतो, आणि त्यांची चूक होते ती बहुधा येथेंच.

१९९५ मध्यें कॅरोलायना पँथर्स हा अगदीं नवा संघ निघाला आणि मिल्स तिकडे गेला. वय छत्तीस, या खेळांत हें वय वार्धक्याचेंच. नव्या संघानें पहिले पांचही सामने गमावले. १५ ऑक्टोबर रोजीं न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध मिल्सनें शत्रूनें फेंकलेला चेंडू मध्येंच हिरावला, ३६ यार्ड धांवत जाऊन गुण मिळविले, आणि त्या दिवशीं पँथर्सनें आपला पहिला जय पाहिला. पुढच्या वर्षीं हाच संघ सोळापैकीं बारा सामने जिंकून अजिंक्यपदाच्या उंबरठ्यापर्यंत गेला, आणि सदतिसाव्या वर्षीं मिल्स पांचव्यांदा प्रो बोलसाठीं निवडला गेला. पहिल्या तीन हंगामांतील एकही सामना त्यानें चुकविला नाहीं. १९९७ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला आणि त्याच संघांत लाइनबॅकरांना शिकवूं लागला. शिक्षक होताच, पुन्हां शिक्षक झाला. आपण शिकविलेल्या खेळाडूंत सर्वश्रेष्ठ मिल्सच, असें मोरा यांनीं पुढें उघडपणें सांगितलें.

ऑगस्ट २००३ मध्यें त्याला आंतड्याचा कर्करोग झाल्याचें आढळलें. आयुष्य कांहीं महिन्यांचेंच उरलें, असें वैद्यांचें मत पडलें. उपचार चालू असतांही तो आपल्या कामावर येत राहिला. जानेवारी २००४ मध्यें डॅलसविरुद्धच्या बाद फेरींतील सामन्यापूर्वीं तो खेळाडूंशीं चार शब्द बोलला. रोगाचें निदान ऐकलें तेव्हां आपल्यापुढें दोनच मार्ग होते, हार मानणें किंवा घाव घालीत राहणें. आपण दुसरा मार्ग पत्करला, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पँथर्सनीं तो सामना जिंकला, पुढचेही दोन जिंकले, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजीं अंतिम सामन्यांत अवघ्या तीन गुणांनीं ते हरले. १८ एप्रिल २००५ रोजीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं मिल्स वारला. त्याचा ५१ हा क्रमांक पँथर्सनीं पुन्हां कोणास दिला नाहीं, आणि 'घाव घालीत राहा' हे त्याचे शब्द संघाचें ब्रीद होऊन बसले.

ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं या खेळाच्या श्रेष्ठ पुरुषांचें एक कीर्तिमंदिर आहे. निवृत्तीनंतर पांच वर्षांनीं खेळाडूचें नांव त्यासाठीं विचारांत घेतां येतें. मिल्सच्या बाबतींत तीं वर्षें २००३ पासून मोजूं लागतात. नियमित निवडीची मुदत तेव्हां वीस वर्षांची होती. आणि २०२२ मध्यें, म्हणजे विसाव्या व अखेरच्या वर्षीं, त्याची निवड झाली. ज्याला पहिल्या यादींत जागा नव्हती तो शेवटच्या यादींत असा काठावर येऊन पोंचला. पण तें पाहण्यास तो नव्हता.

कोणी म्हणेल, हा लाखांतला एक अपवाद. परंतु लंडन फ्लेचर हाही लहान कॉलेजांतला, बेताच्या उंचीचा लाइनबॅकर. १९९८ सालीं त्याला कोणीं निवडलें नाहीं. तो पुढें सोळा हंगाम एकही सामना न चुकवितां खेळला. २००२ च्या यादींत वगळलेल्या जेम्स हॅरिसनला संघांनीं वारंवार रजा दिली. २००८ मध्यें तोच साऱ्या लीगमधील सर्वोत्तम बचावपटु ठरला. अपवाद असे पुन्हां पुन्हां घडूं लागले म्हणजे नियमाकडेच निरखून पाहणें भाग पडतें.

यावरून निवड करूंच नये असा अर्थ कोणीं काढूं नये. मैदानावर गडी अकराच लागतात. यादी कोठें तरी संपणारच. पण यादी संपली म्हणजे माणसें संपलीं असें नव्हे, एवढें भान ठेवणें आपल्या हातीं आहे. मिल्सच्या चिकाटीचें कौतुक सर्वांनीं केलें, आणि तें योग्यच आहे. तथापि १९८३ सालीं दुसरें दार उघडलें नसतें, आणि नाकारलेल्या माणसाची आठवण ठेवणारा एक प्रशिक्षक निघाला नसता, तर तीच चिकाटी एका शाळेच्या आवारांत अज्ञात राहिली असती. घाव घालीत राहणें हें ज्याचें त्यानें करावयाचें. दुसरें दार उघडें ठेवणें हें मात्र आपणां इतरांचें काम आहे.