बार्तिमी सदन

कल्याण म्हटले की जुन्या माणसांना डॉक्टर आनंदीबाई जोशी आठवतात. 1865 साली त्यांचा जन्म कल्याणचाच. पुढे त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. हे सारे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या समारंभासाठी त्यांच्या नात्यातली एक बाई मुद्दाम इंग्लंडहून आली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होते, ते आणखी कमी होत गेले. छातीचे ठोके ज्याला नीट ऐकू येत नाहीत त्याला डॉक्टर कोण करणार? तो बेत तिथेच संपला. म्हणजे जी पदवी आपल्या हातून निसटली, ती आपल्या नात्यातल्या मुलीला मिळताना पाहायला बाई समुद्र ओलांडून गेल्या. त्यांच्या मनात तेव्हा काय आले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. गेल्या खऱ्या.

इंग्लंडला गेल्या त्याच वर्षी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, 1893 साली पुण्याच्या शारदासदनातून पालकांनी मुली कशा काढून नेल्या, हा इतिहास आहे. बाईंच्या सेवेत आणि त्यांच्या धर्मात भिंत नव्हती. त्यांनी ती कधी लपवूनही ठेवली नाही. ज्याला ते पटत नाही त्याने न पटवून घ्यावे. पण त्या श्रद्धेतून पुढे जे काम उभे राहिले, त्यातला एक भाग आपण सर्वांनीच ऐकण्यासारखा आहे.

कल्याणहून गाडीत बसलात आणि कर्जत, पुणे करीत दौंडकडे निघालात, तर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागते. तिथे रमाबाईंचे मुक्तिसदन. 1896 आणि 1900 या दोन मोठ्या दुष्काळांत मध्यप्रांतातून आणि गुजरातेतून उपाशी बायका-मुली तिथे आणल्या गेल्या. हळूहळू दोन हजारांच्या घरात माणसे झाली. त्यांत आंधळ्याही होत्या. पोटात सत्त्वाचे अन्न नसले म्हणजे लहान मुलांचे डोळे जातात, आणि त्या काळी देवी आल्या म्हणजेही जात. या आंधळ्यांसाठी तिथे वेगळे घर केले, त्याचे नाव बार्तिमी सदन.

आता हे नाव कुठले? बायबलात मार्काच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. यरीहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बार्तिमय नावाचा आंधळा भीक मागत बसे. येशू चालला आहे असे कळल्यावर तो मोठ्याने हाका मारू लागला. लोक म्हणाले, गप्प बस. तो आणखी मोठ्याने ओरडला. येशू थांबला, त्याने त्याला बोलावून घेतले. त्याने अंगावरचे वस्त्र फेकले आणि उठून आला. तेव्हा येशूने त्याला काय विचारावे? तुझ्यासाठी मी काय करू, अशी तुझी इच्छा आहे?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! आंधळ्याला डोळेच हवे असणार. तरीही विचारले. लोक त्याला गप्प बसवीत होते, येशूने त्याला बोलते केले. या गोष्टीतला चमत्कार कोणी मानो, न मानो. पण आधी त्या माणसाला विचारायचे, हे करायला चमत्कार लागत नाही. आश्रमातल्या घराला नाव द्यायचे तर करुणेचे, दयेचे, कसलेही देता आले असते. इथे मात्र नाव आले ते गप्प न बसणाऱ्या माणसाचे.

आणि नावावरच भागवले नाही. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई. तिने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि या आंधळ्या मुलींना शिकवली. ही लिपी फ्रान्सच्या लुई ब्रेलची. लहानपणी बापाच्या दुकानात चामडे टोचण्याच्या हत्याराने त्याचा डोळा गेला, मग दुसराही गेला. आणि पुढे पंधराव्या वर्षी टोच्यानेच कागदावर टिंबे उठवून त्याने आंधळ्यांची लिपी बसवली. सहा टिंबांची सारी करामत. उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचे. मनोरमाबाईंच्या वेळी आपल्या देशात या टिंबांचा एकच संकेत नव्हता. भारतीय भाषांसाठी मिळून एक ब्रेल ठरली ती 1951 साली.

आईचे पुढे काय झाले? कान साथ देत नव्हते, तरी एवढ्या मोठ्या आश्रमाचा कारभार चालवीत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांतून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींनी. 1921 साली मनोरमाबाई गेल्या, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. त्यांच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. ते एका कमी ऐकणाऱ्या बाईने केले, ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकतात.

बायबलातच दुसरी एक हकीकत आहे, योहानाच्या शुभवर्तमानात. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. आपल्याकडे पूर्वजन्मीचे पाप म्हणतात. नाहीतर ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ फाटला, असे म्हणून सारा बोल आईच्या माथी मारतात. एकदा पाप ठरवले म्हणजे आपण सुटलो. मग त्या मुलासाठी काही करायचे उरत नाही.

आजचेच पाहा. डोंबिवली-कल्याणच्या लोकलमध्ये पेन, कंगवे, चाव्यांची कडी विकणारे अंध विक्रेते तुम्ही पाहिले असतील. नाणे बोटांनी चाचपून ते बिनचूक सुटे पैसे देतात. एखादा भला प्रवासी हातावर दहा रुपये ठेवतो आणि म्हणतो, कंगवा राहू दे. त्याला वाटते आपण दान केले. पण समोरचा माणूस दुकानदार आहे. त्याला गिऱ्हाईक हवे होते, ते मिळाले नाही. हा फरक बारीक आहे खरा, पण ज्याच्या वाट्याला रोज येतो त्याला तो बारीक वाटत नाही.

2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती सुमारे साडेएकोणतीस लाख निघाल्या. 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. ज्या मुलाचे अपंगत्व दाखल्यावर चाळीस टक्के किंवा जास्त आहे, त्याला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत फुकट शिकण्याचा हक्क दिला आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या आहेत. शब्दही बदलला, आता दिव्यांग म्हणतात. म्हणोत बापडे. पण मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या पाड्यावर न ऐकणारी मुलगी दिवसभर शेळ्यांमागे असेल आणि तिचे नाव कोणत्याच पटावर नसेल, तर नव्या शब्दाने तिला काय मिळाले?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सांगणे. पटनोंदणीसाठी घरोघर जाता तेव्हा मुले किती, असे विचारल्यावर धडधाकट मुलांचीच नावे पुढे येतात. आणखी कोणी आहे का, हे दुसऱ्यांदा विचारा. आतून एखादे मूल बाहेर आले, तर त्याच्यासमोर त्याच्या आईशी त्याच्याविषयी बोलत बसू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय शिकावेसे वाटते, ते त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर खुणेने, चित्राने विचारा. दाखल्याचे कागद, रुग्णालयाची फेरी, हे त्यानंतर आईबापांबरोबर बसून करता येईल.