हात हातात घेतल्यावर



धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे असे आपण इतक्या सहजपणे बोलून जातो, की ही दोन्ही एकाच रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहिली त्या प्रसंगांची दखल घ्यावयाची राहूनच जाते. १८७३ च्या फेब्रुवारीत नॉर्वेतील बर्गेन शहरी डॉ. हान्सेन यांना सूक्ष्मदर्शकाखाली महारोगाचे जंतू दिसले. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात फादर डेमियन हे बेल्जियन धर्मोपदेशक हवाईतील मोलोकाई बेटावर, सरकारी हुकुमाने हद्दपार झालेल्या महारोग्यांच्या वसाहतीत राहावयास गेले. डेमियन यांनी जखमा बांधल्या, घरे उभारली, शवपेट्यासुद्धा स्वतः केल्या; पण रोग हटविण्याचे साधन हाती नसल्यामुळे १८८९ साली त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. इकडे हान्सेन यांनी ज्ञानाच्या ध्यासापायी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून रोगद्रव्य टोचले. खटला होऊन १८८० साली न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील जागेवरून दूर केले. हा निकाल मला त्यांच्या शोधाच्या तोलाचा वाटतो.

महारोग्याची बोटे रोगानेच झडतात, हा समज वैद्यांचाही होता आणि सामान्यांचाही. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड – मिशनऱ्याचे चिरंजीव, जन्म तामिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांतला – चिंगलपुटचे महारोगी-आरोग्यधाम पाहावयास गेले असता त्यांनी एका रोग्याचा आखडलेला पंजा हातात घेऊन आवळावयास सांगितले, तो त्या लुळ्या दिसणाऱ्या हाताची पकड अशी जबर निघाली की ते कळवळले. स्नायू शाबूत होते! पुढे एकदा गंजलेल्या कुलपातली किल्ली त्यांना फिरेना, ती एका रोगी पोराने झटक्यासरशी फिरविली. पाहतात तर रक्ताचे थेंब, बोट हाडापर्यंत चिरलेले, आणि पोराला पत्ताच नाही. वेदनेचा पहारा उठल्यामुळे ही बोटे चुलीवर भाजत, हत्यारांनी चिरत, रात्री निजेत उंदीर ती कुरतडत, असा उलगडा होत गेला. आणि घरी परतणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची तजवीज झाली. हसू येईल खरे. पण इतका शुद्ध शास्त्रीय उपाय विरळा. ज्या हातास स्पर्श करण्यास इतर सहसा धजत नसत, तो ब्रँड यांनी ख्रिस्तनिष्ठेने धरला, आणि हाती लागले ते शरीरशास्त्र.

हा स्पर्श एकाच धर्माची मिरास नव्हे. रुग्ण भिक्षूला बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः न्हाऊ घातल्याची कथा विनयपिटकात आहे. दमास्कसच्या खलिफा वलीदने महारोग्यांना भीक मागावी लागू नये म्हणून तनखा बांधून दिल्याचे अरब इतिहासकार सांगतात. आणि सेवाग्रामी परचुरेशास्त्रींच्या रोगग्रस्त अंगाला गांधीजी स्वहस्ते मालिश करीत.

१९८० नंतरच्या संयुक्त औषधयोजनेने हा रोग पुरता बरा होऊ लागला. तथापि निर्धन महारोग्यांना कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा आपल्या दप्तरातून २०१६ साली निघाला, आणि जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण तर २०१९ पर्यंत कायम होते.