मेदिम्नभर मीठ



दोन माणसांची मैत्री झाली, असं कधी म्हणायचं? जुन्या ग्रीसमध्ये याबद्दल एक म्हण होती. दोघांनी मिळून मेदिम्नभर मीठ संपवलं, की मग. मेदिम्न हे अथेन्सच्या बाजारातलं धान्याचं माप, आजच्या हिशेबानं साधारण ५२ लिटरचं. जेवणात मीठ पडतं चिमूटभर. रोज दोन्ही वेळा शेजारी बसून जेवलं तरी एवढं मीठ संपायला वर्षांमागून वर्षं जातील. मैत्री करावीशी वाटायला एक संध्याकाळ पुरते, ती व्हायला मात्र काळ जावा लागतो, हे सांगताना ॲरिस्टॉटलनं या म्हणीचा आधार घेतला. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, तेव्हा ज्यानं खाऊ घातलं त्याचे उपकार आठवतो. या ग्रीक म्हणीतलं मीठ दोघांच्याही ताटातलं आहे.

ॲरिस्टॉटलचा ‘निकोमाखियन एथिक्स’ हा ग्रंथ दहा भागांचा. माणसाचं आयुष्य चांगलं गेलं, असं कशावरून ठरवायचं, हा त्याचा मूळ प्रश्न. त्यात न्यायाला एक भाग मिळाला आहे आणि मैत्रीला दोन, आठवा आणि नववा. हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं. मैत्रीसाठी त्याचा ग्रीक शब्द ‘फिलिया’. आईची लेकरावरची माया, एका जहाजातल्या प्रवाशांची सोबत, लढाईत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्यांचा स्नेह, हे सगळं त्यात येतं. मराठीत ‘जिव्हाळा’ म्हटलं तर थोडं जवळ जाता येईल.

ॲरिस्टॉटलच्या मते मैत्री तीन प्रकारची. काही माणसं आपल्याला उपयोगी पडतात म्हणून जवळची होतात, काहींच्या संगतीत मजा येते म्हणून. अशा मैत्रीला तो तुच्छ लेखत नाही. गरज सरली की ती सरते, एवढंच दाखवून देतो. तिसरी मैत्री त्या माणसासाठीच केलेली, त्याच्या चांगुलपणावर जडलेली. ती दुर्मीळ, आणि मीठ लागतं ते तिलाच.

मग तो एक अवघड प्रश्न विचारतो. ज्याला काही कमी नाही, जो आपल्या जागी तृप्त आहे, त्याला मित्र कशाला हवेत? उत्तर देताना तो माणसाच्या स्वभावाकडे वळतो. माणसाचं जगणं म्हणजे जाणणं आणि विचार करणं. स्वतःची कृती आपल्याला धड दिसत नाही, मित्राची दिसते. त्याच्याशी बोलताना आपल्या असण्याची जाणीव दुणावते. गुरं एका कुरणात चरतात, त्याला एकत्र राहणं म्हणता येईल, पण माणसांचं एकत्र राहणं बोलण्यात आणि विचारांच्या देवाणघेवाणीत असतं. आपला ‘सहवास’ हा शब्द इथं किती चपखल बसतो!

हे लिहिणारा माणूस अथेन्समध्ये परकाच राहिला. इ. स. पूर्व ३८४ मध्ये स्टागिरा या लहान गावात जन्म, आईवडील लवकर गेले. सतराव्या वर्षी तो प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं तिथं राहिला. पुढं आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आसोस इथं, हर्मियास नावाच्या राज्यकर्त्यानं त्याला आसरा दिला. हर्मियासच्याच नात्यातल्या पिथियासशी ॲरिस्टॉटलचं लग्न झालं. नंतर इराणी सम्राटाच्या माणसांनी हर्मियासला दगा देऊन पकडलं आणि त्याला ठार मारण्यात आलं. ॲरिस्टॉटलनं त्याच्यासाठी एक स्तोत्र रचलं. पुढं तो अथेन्सला परतला. इ. स. पूर्व ३२३ मध्ये त्याचा एके काळचा शिष्य, मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर वारला, अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध संताप उसळला, तेव्हा याच स्तोत्रावर बोट ठेवण्यात आलं: मर्त्य माणसाला देवाचा मान दिला! ॲरिस्टॉटलला शहर सोडून खाल्किसला जावं लागलं. मित्रासाठी लिहिलेल्या काही ओळींपायी त्यानं अथेन्स गमावलं, हे वाचलं की त्याच्या ग्रंथातला मैत्रीचा भाग मला वेगळाच वाटू लागतो.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. गुलामाशी, तो गुलाम म्हणून, मैत्री होऊ शकत नाही. माणूस म्हणून होऊ शकते, असं तो म्हणतो. माणूस दिसत असताना गुलाम उरतोच कसा, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारायला हवा होता. बायकांनाही त्यानं बरोबरीची जागा दिली नाही.

त्याचं मृत्युपत्र मात्र ग्रंथाहून मऊ आहे. तो इ. स. पूर्व ३२२ मध्ये खाल्किसला वारला. आपली सेवा केलेल्या मुलांपैकी कुणालाही विकू नये, वयात आल्यावर, लायक असल्यास, त्यांना मुक्त करावं, असं त्यानं लिहून ठेवलं. पिथियासनंतर त्याच्यासोबत राहिलेल्या हर्पिलिसनं हवं तर खाल्किसला राहावं, हवं तर स्टागिरातल्या त्याच्या वडिलांच्या घरी, आणि जिथं राहील तिथं तिला सामानसुमान द्यावं. आणि आपल्याला जिथं पुरतील तिथंच पिथियासच्या अस्थी आणून ठेवाव्यात, तिनं तसं सांगून ठेवलं होतं.