चावडीवरचे ज्ञानकोशकार

(वाई येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ज्ञानकोश या विषयावर वाईत बोलायचे हे तसे धाडसच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावी मराठी विश्वकोशाचा प्रपंच मांडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. तर्कतीर्थांचे देहावसान १९९४ सालचे. म्हणजे आरंभ करणाऱ्याने शेवट पाहिलाच नाही. कोशकार्याचे स्वरूपच असे आहे.

त्याआधीचा इतिहासही आपल्याला ठाऊक आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले. त्यांना मानाची नोकरी पत्करून स्वस्थ बसता आले असते. त्यांनी ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवण्यासाठी दारोदार हिंडले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ मराठी माणसाच्या हाती ठेवला. पुढे गोव्याच्या मातीतून आलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. पहिला १९६२ चा, अखेरचा १९७९ चा. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश तर आजही अभ्यासकाच्या उशाशी असतात. कोशवाङ्मयाच्या बाबतीत मराठी ही भारतीय भाषांमध्ये अग्रेसर होती, असे म्हणताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘होती’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला.

आज एखाद्या शाळकरी मुलाला रायगडाची माहिती हवी असेल, तर तो कपाटातला खंड काढत नाही. तो संगणकावर किंवा हातातल्या दूरध्वनीवर शोध घेतो आणि बहुधा पहिल्या दोन-तीन उत्तरांतच विकिपीडिया त्याच्यासमोर येतो. हा कोश कोणत्या शासनाने काढला नाही, कोणत्या विद्यापीठाने नाही. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू केला. त्याआधी त्यांनी तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या लेखांचा ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश करून पाहिला होता. तपासणीच्या पायऱ्या सात. परिणाम असा की खटाटोप करूनही जेमतेम काही लेख हातावेगळे झाले. मग दार सताड उघडे केले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे सुधारावे. आज इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांबद्दल मला विशेष आदर वाटतो तो त्यांच्या भाषेमुळे. परकीय यंत्रणा हाती आली, पण त्यांनी तिला घरची नावे दिली. जिथे सर्व सदस्य जमून सामायिक प्रश्नांचा खल करतात त्या पानाला त्यांनी नाव दिले ‘चावडी’. नवागताने चुकतमाकत लिहून पाहण्याची जागा ती ‘धूळपाटी’. मत अजमावायचे असेल तर ‘कौल’ लावायचा. आणि सांगितलेले काम निमूटपणे, कंटाळा न करता करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला त्यांनी म्हटले ‘सांगकाम्या’! परिभाषा समित्यांनी वर्षानुवर्षे खपून दिलेल्या कित्येक शब्दांपेक्षा हे शब्द सरस आहेत. ते करणारी माणसे बहुतेक टोपणनावाने वावरतात. कोणी अभियंता असतो, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी परदेशात राहणारा मराठी तरुण. मानधन नाही, सत्कार नाही, मुखपृष्ठावर नाव नाही.

यांचे काम चालते कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडे त्याविषयी अज्ञान फार आहे. समजा, एखाद्याने आपल्या तालुक्यातील किल्ल्यावर दहा ओळींचा लेख लिहिला. दुसरा येऊन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो. तिसरा छायाचित्र जोडतो. चौथा विचारतो की बांधकामाचे हे साल कोठून आणले, आणि वाक्यापुढे संदर्भ मागणारी खूण लावून जातो. पाचवा गॅझेटियर उघडतो आणि पृष्ठक्रमांकासह संदर्भ देतो. प्रत्येक बदल, तो कोणी केला, किती वाजता केला, आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे सारे ‘इतिहास’ या कळीखाली कायमचे नोंदलेले राहते. कोणी खोडसाळपणा केला तर आधीची आवृत्ती क्षणात परत आणता येते. मतभेद झाला तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर वाद घालायचा, लेखात नव्हे. छापील वर्तमानपत्रात तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, आमच्या व्यवसायात बातमी कोणी बदलली, का बदलली, याचा असा कागद कधीच राहिला नाही.

यात दोष नाहीत असे नाही. २००५ साली जॉन सीगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने अनोंदणीकृत व्यक्तींना नवे लेख निर्माण करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने बेचाळीस वैज्ञानिक लेखांची तुलना केली, तेव्हा विकिपीडियात प्रत्येक लेखामागे सरासरी चार आणि ब्रिटानिकात तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने त्या पाहणीवर कडाडून आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. ‘छावा’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्या सुमारास छत्रपती संभाजी महाराजांविषयी इंग्रजी विकिपीडियावरील काही मजकूर लोकांच्या नजरेस आला आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातले, महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला पत्र पाठवले आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. संताप स्वाभाविक होता. चाळीस दिवस मरणयातना सोसून ज्याने माघार घेतली नाही, त्या राजाबद्दल कोणी हिणकस लिहिले तर मराठी माणसाचे रक्त तापणारच.

परंतु मला प्रश्न पडतो तो त्या आधीचा. तो मजकूर काल-परवा आकाशातून पडलेला नव्हता. त्याच्यामागे छापील इंग्रजी ग्रंथांचे संदर्भ दिलेले होते. आणि त्या ग्रंथांच्या मागे? मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ही बखर संभाजी महाराजांच्या बलिदानानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनी देहदंड दिलेला होता. ही पार्श्वभूमी विसरून त्या बखरीतले चित्र आपणच, मराठी माणसांनीच, रंगभूमीवर नेले. ‘बेबंदशाही’सारखी नाटके आपल्याच पूर्वजांनी डोक्यावर घेतली. इंग्रजी ग्रंथकारांनी ते उचलले यात नवल ते काय?

हे चित्र पुसून टाकले ते वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक दशके कागदपत्रे धुंडाळून त्यांनी १९६० साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. हेच बेंद्रे, ज्यांनी शिवछत्रपतींचे म्हणून सर्रास छापले जाणारे चित्र इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे आहे हे दाखवून १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र महाराष्ट्रासमोर ठेवले. बेंद्रे यांच्या पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंध १९७१ साली आला. या दोघांनी निवेदने दिली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि बखरीचा शब्द खाली पडला.

विकिपीडियावरही नेमका हाच मार्ग चालतो. तेथील तीन दंडक ध्यानात घ्यावेत: दृष्टिकोन तटस्थ हवा, विधान पडताळता येण्याजोगे हवे आणि स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडायचे नाही. तुमच्या भावना किती तीव्र आहेत याला तेथे मूल्य नाही. तुमच्यापाशी ग्रंथ कोणता, पृष्ठ कितवे, हे विचारले जाते. आणि अनेकांना ठाऊक नाही अशी गोष्ट म्हणजे इंग्रजी विकिपीडियावरही मराठी ग्रंथाचा संदर्भ चालतो. मूळ उतारा आणि त्याचे भाषांतर द्यावे लागते, इतकेच. ते कोणी द्यायचे? दूर कोठे बसलेल्या, देवनागरी न वाचणाऱ्या संपादकाने? त्याच्याजवळ जे आहे ते तो लिहितो. आपल्या कपाटात जे आहे ते आपण त्याच्यापर्यंत पोहोचवलेच नाही.

तटस्थतेच्या नावाखाली पक्षपात होतो, हा आक्षेप मी उडवून लावत नाही. स्वतः लॅरी सँगर यांनी २०२० साली विकिपीडिया एका बाजूला कलला आहे असे लिहिले. कोणते वृत्तपत्र विश्वसनीय आणि कोणते नाही हे ठरवणारी मंडळी बव्हंशी पाश्चात्त्य इंग्रजी जगात वावरणारी असतात आणि त्यांच्या याद्यांत त्यांची अभिरुची उतरते. २०११ च्या नोव्हेंबरात मुंबईत विकिपीडियाची भारतीय परिषद भरली, तेव्हा भारताच्या नकाशावरून निदर्शने झाली होती. त्या नाराजीला आधार होता. पण निदर्शने आटोपून परतलेल्यांपैकी किती जणांनी पुढे चर्चापानावर जाऊन सरकारी नकाशाचा, कराराचा, कायद्याचा दाखला देत चिकाटीने वाद घातला? खोली रिकामी ठेवायची आणि आत कोणी शिरला म्हणून ओरडायचे, यात पुरुषार्थ नाही.

आता काही आकडे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. मराठी विकिपीडियावर सुमारे एक लाख लेख आहेत, तमिळवर एक लाख सत्तर हजारांच्या वर. मल्याळम बोलणारे साडेतीन कोटींच्याही आत, तरी त्यांचे लेख ८५ हजारांच्या पुढे आहेत. शिवाय आपल्या लाखातले कितीतरी लेख एक-दोन ओळींचे. ‘अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे’ एवढ्यावर संपणारे. सांगकाम्याने चौकट उभी करून दिली, भिंती बांधायला माणूस आलाच नाही.

जो येतो, तोही बहुधा दोन कारणांनी खट्टू होऊन परततो. एक, तो कोठून तरी सबंध मजकूर उचलून चिकटवतो आणि प्रताधिकाराचा भंग म्हणून तो काढला जातो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार राहतो. केतकर १९३७ साली गेले, त्यांचे लेखन आता सर्वांचे आहे. बेंद्रे १९८६ साली गेले. त्यांच्या ग्रंथाचा आधार घ्या, पण वाक्ये तुमची हवीत. दुसरे कारण आपल्या विशेषणांच्या हौसेचे. ‘थोर’, ‘प्रातःस्मरणीय’, ‘अलौकिक’ असे शब्द कोणी खोडले की आपल्याला तो अवमान वाटतो. कोशाची भाषा गौरवांकाची नसते. केतकरांचा ज्ञानकोश उघडून पाहा, किती कोरडी भाषा आहे! महाराष्ट्राचा अभिमान त्यांना आपल्यापेक्षा कमी होता काय? आदरार्थी बहुवचनाची गोष्ट वेगळी. ते मराठीच्या व्याकरणातच आहे आणि मराठी विकिपीडियावर लेखाचे शीर्षकही ‘शिवाजी महाराज’ असेच आहे.

एक अडचण मात्र खरोखर अवघड आहे. आपल्याकडचे पुष्कळ ज्ञान छापलेलेच नाही. ग्रामदैवताच्या यात्रेतील मानकऱ्यांचा क्रम, एखाद्या देवराईचे नियम, गोंधळाची पद्धत, कीर्तनकार घराण्यांची परंपरा, हे सारे माणसांच्या स्मरणात आहे. ‘आजोबा सांगत’ हा संदर्भ विकिपीडिया मानत नाही. मौखिक पुरावा ग्राह्य धरावा असा एक प्रयोग २०११ च्या सुमारास भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला, परंतु नियम काही बदलला नाही. तेव्हा उपाय एकच, आधी छापा. गावच्या शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक, साप्ताहिकातला नीट तपासून लिहिलेला लेख, जिल्ह्याच्या इतिहासावरील पुस्तक. लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठ असले की त्यावर कोशातली नोंद उभी राहू शकते. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून हेच केले. दफ्तरे गोळा केली आणि ती छापली. आमच्या व्यवसायातील मंडळींनाही यात एक पथ्य पाळावे लागेल. बातमीदार घाईत विकिपीडियावरून मजकूर उचलतो, तो छापून येतो आणि मग तीच बातमी विकिपीडियात पुरावा म्हणून जोडली जाते. अशाने चुकीलाही वंशावळ मिळते.

हे काम घरबसल्या होते, त्याला वय नाही. निवृत्त ग्रंथपालाइतका या कामाला लायक माणूस मला दिसत नाही. या वाचनालयाच्या तळमजल्यावर जुन्या नियतकालिकांचे बांधीव गठ्ठे आहेत असे मला सकाळी सांगण्यात आले. वाईच्या घाटांवर, येथील प्राज्ञपाठशाळेवर, कृष्णेच्या उत्सवावर त्यांत निश्चितच काही असेल. त्यातले एक पान घ्या, मराठी विकिपीडियावर खाते काढा आणि थेट लेखाला हात न घालता प्रथम धूळपाटीवर लिहून पाहा. दोन-तीन दिवसांत कोणी अनोळखी माणूस तुमची वेलांटी दुरुस्त करून जाईल. त्याच्यावर रागावू नका. त्याच्या चर्चापानावर जाऊन विचारा, तो बहुधा आनंदाने उत्तर देतो.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे. टंकलेखनाची आणि खाते उघडण्याची रीत ज्यांना प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांच्यासाठी येथील तरुण मित्रांनी मागच्या खोलीत दोन संगणक लावून ठेवले आहेत. आपण तिकडेच बसून प्रश्नोत्तरे करू.